सात वर्षांच्या आतला कोश

कारखानीस जिवंत आहेत. पुण्यात धाकट्या भावाच्या शेजारी राहतात, दोन वेळा जेवतात आणि दर रविवारी मला फोन करतात. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणा माणसाबद्दल असं लिहायला बसलं की वाचणारा लगेच तोंड पाडतो. तोंड पाडण्यासारखं यात काही नाही. माणूस इथून गेला एवढंच, आणि तोही कायद्याने गेला.

तो कायदा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जपानात पोरांची नोकरी कितीही मोठी असली तरी आईबापाला कायमचं आणून ठेवता येत नाही. मात्र आमच्या पोरांना जो खास परवाना मिळालाय, त्यात एक सवलत आहे. घरात सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते सांभाळायला आजी किंवा आजोबा राहू शकतात. मूल सात वर्षांचं झालं की आजी-आजोबांनी घरी जायचं. मला हा कायदा आवडला. काम आहे तोवर राहा, काम संपलं की निघा. निदान स्पष्ट तरी आहे.

हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत मी चौथ्या मजल्यावर मुलाकडे, आणि कारखानीस दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या मुलीकडे, मुग्धाकडे. माझी नात ओवी तेव्हा तीन वर्षांची होती, त्यांची इरा साडेपाच. म्हणजे माझ्या हातात चार वर्षं होती आणि त्यांच्या दीड. एवढ्या वेळात या माणसाला एक अख्खा कोश लिहायचा होता.

कोश म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. माझं शिक्षण चौथी. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की जगात जे जे आहे ते अक्षरांच्या क्रमाने लावून ठेवायचं, म्हणजे कुणाचं अडलं की त्याने उघडून बघायचं. सगळं जग त्यांना घ्यायचं नव्हतं. नवीन मराठी माणूस इथे आला की त्याचं कुठे कुठे अडतं, तेवढं घ्यायचं होतं. आंघोळीचं पाणी तापलं की भिंतीतल्या यंत्रातून बाई बोलते, ती काय म्हणते. गादी वाळत कशी घालायची. छत्री दुकानात कुठे ठेवायची. केस कापणाऱ्याला काय सांगायचं. असं अ पासून ह पर्यंत. ळ पासून शब्द सुरू होत नाही म्हणून एक अक्षर वाचलं, हे ते फार खुशीत सांगायचे.

त्यांनी जन्मभर पुण्यात विम्याच्या कचेरीत फायली सांभाळल्या होत्या. अंगाने किरकोळ, मान जरा पुढे आलेली, कानावर कायम पेन्सिल. बायको आधीच गेली होती. त्यावर ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. माझाही नवरा गेलाय, मलाही कुणी विचारलेलं आवडत नाही. इथे टपालपेटीत रोज जाहिरातींचे जाड, चकचकीत कागद येतात, पिझ्झाचे, घरांचे. बाकीचे लोक ते फेकतात. कारखानीस ते पोस्टकार्डाएवढे कापायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. एका कार्डावर एक गोष्ट. खाली दोन ओळी ठरलेल्या. ‘सांगणार’ म्हणून ज्याने माहिती दिली त्याचं नाव, आणि ‘करून पाहणार’ म्हणून स्वतःचं. कार्डं तांदळाच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत उभी लावलेली. एखादं अक्षर पुरं झालं की कोंबिनीत, म्हणजे इथल्या रात्रंदिवस उघड्या दुकानात, जाऊन त्याच्या प्रती काढायच्या आणि इमारतीतल्या एकतीस मराठी घरांत वाटायच्या.

माझी त्यांची ओळख भाकरीवरून झाली. एक दिवस दार वाजलं. हा माणूस बाहेर उभा. नमस्कार केला आणि म्हणाला की तुमच्या घरातून भाकरीचा वास येतो आणि माझ्या मुलीच्या घरात भाकरी फुगत नाही, तर तुम्ही काय करता ते बघायचंय. मी म्हटलं, सांगते की. तर म्हणाले, सांगू नका, दाखवा.

इथली गॅसची शेगडी भित्री आहे. तवा जरा तापला की ती आपणहून आच कमी करते. भाकरीला आच लागते, आणि ही बया ऐन वेळी माघार घेते. महिनाभर मी चामड्यासारख्या भाकऱ्या खाल्ल्या. मग लक्षात आलं की शेगडीच्या पोटात मासे भाजायचा एक खण असतो आणि त्याची आच अशी पळत नाही. तव्यावर दोन्ही बाजू शेकायच्या आणि भाकरी त्या खणात सरकवायची. टम्म फुगते. हे मी त्यांना दाखवलं. माझ्या मनात आलं, खण माशांचा, यांना चालेल की नाही. विचारलं, तर माझ्याकडे बघत राहिले.

"शिंदेबाई, मी कारखानीस आहे. त्या खणातून नुसती भाकरीच निघाली, याचं मला वाईट वाटतंय."

त्यांनी स्वतः तीन भाकऱ्या थापल्या. पहिलीचा नकाशा झाला, दुसरी मोडली, तिसरी फुगली. तिसरी फुगल्यावरच कार्ड लिहिलं. खाली लिहिलं, सांगणार: शिंदेबाई, चौथा मजला. मी ते दोनदा वाचलं. रेशनकार्ड आणि पासपोर्ट सोडून माझं नाव कुठे लिहिलेलं मी बघितलं नव्हतं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. तुम्ही काहीही सांगा, ते आधी विचारणार, "बघितलंत की ऐकलंत?" ऐकलं म्हटलं की पेन्सिल कानावर परत. इमारतीतल्या पोरी त्यांना टाळायला लागल्या. खालच्या मजल्यावरची एकजण म्हणायची, काकांना लिफ्टमध्ये भेटलं की चौथीची परीक्षा आठवते. मी तिला म्हटलं, मला ती एकच परीक्षा आठवते आणि मी पास झालेय.

जपानी त्यांना जेमतेम येत होतं. दुभाषी इरा. ती शाळेतून आली की तिला घेऊन हिंडायचे. चपला दुरुस्त करणारा, टोफूवाला, सायकली उचलून नेणारा माणूस, कुणालाही थांबवायचे. आजोबा मराठीत विचारणार, नात जपानीत विचारणार, उत्तर आलं की आजोबांना जपानीतच सांगणार, आणि आजोबा कपाळावर हात मारणार. मग ती कंटाळून दोन शब्दांत मराठी करून द्यायची. टोफूवाला दहा मिनिटं बोलला तरी इराचं मराठी एवढंच: "तो म्हणतो पाणी चांगलं पाहिजे."

एकदा मात्र ते एकटेच स्टेशनवर गेले. गाडी सुटताना तिथला माणूस फलाटाच्या एका टोकाला बोट दाखवतो, मोठ्याने काहीतरी म्हणतो, मग दुसऱ्या टोकाला बोट दाखवतो. समोर कुणी नसतं. कारखानिसांना हे जाणून घ्यायचं होतं. तासभर उभे राहिले. त्या माणसाला वाटलं, म्हातारा हरवलाय. आधी बसायला सांगितलं, मग पाणी आणून दिलं, मग त्यांच्या खिशातली फोन नंबराची चिठ्ठी बघून मुग्धाला फोन केला. ती ऑफिसातली मीटिंग टाकून धावत आली. जीव मुठीत धरून आली असणार. बाप बाकावर बसलेला. म्हणाला, बरं झालं आलीस, आता याला विचार, बोट दाखवताना तोंडाने काय म्हणतो.

मुग्धा संतापली होती, पण तिने विचारलं. बाप तसाच, लेक तशीच. तो माणूस तर खूशच झाला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी हे विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं की नुसते डोळे फसवतात, म्हणून हाताला आणि तोंडालाही कामाला लावायचं. बोट दाखवून मोठ्याने म्हटलं की विसर पडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कारखानीस घराबाहेर पडताना दारात उभे राहून बोट दाखवायचे. गॅस बंद. नळ बंद. किल्ली खिशात. चष्मा नाकावर. पूर्ण जिन्यात ऐकू जायचं. मुग्धाला लाज वाटायची. मी आधी हसले. मग एकदा कुणी नाही असं बघून दुधाच्या पातेल्यासमोर करून पाहिलं. आता रोज करते. दूध उतू जायचं थांबलंय.

आता त्यांची चूक सांगते. ती वगळली तर ते स्वतःच फोन करून विचारतील, ती का वगळली.

इथे कचऱ्याचे दिवस असतात आणि प्रकार असतात. पाण्याच्या, चहाच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायच्या. त्या पुन्हा वापरात जातात. आपल्या घरांत तेलाच्या बाटल्या फार. जपानी घरात जेवढं तेल महिन्याला लागतं तेवढं आपल्याकडे एका दिवाळीच्या सकाळी जातं. त्या बाटल्यांचं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. कारखानिसांनी प्रयोग केला. बाटलीत डाळीचं पीठ आणि गरम पाणी घालून हलवली, तीनदा. बाटली आरशासारखी झाली. बोट फिरवलं, तेल नाही. खूश होऊन त्यांनी कार्ड लिहिलं: तेलाची बाटली बेसनाने धुवावी आणि इतर बाटल्यांच्या क्रेटमध्ये ठेवावी. प्रती वाटल्या.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी आमच्या इमारतीचा अख्खा क्रेट तसाच राहिला. गाडीवाल्यांनी उचललाच नाही. वर चिठ्ठी चिकटवलेली. तेलाची बाटली कितीही धुतली तरी त्यात चालत नाही. थोडं तेल प्लास्टिकला धरून राहतं आणि बाकीचा माल खराब होतो.

आमच्या इमारतीचे राखणदार ओकादा-सान. सत्तरीचे, बारीक, बोलणं कमी. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. पण इराने त्यांना विचारलं तेव्हा कळलं की दोन आठवडे तेच पहाटे उठून हातमोजे घालून क्रेटमधून आमच्या तेलाच्या बाटल्या एकेक वेचून बाजूला काढत होते. त्या दिवशी त्यांची पाठ धरली होती म्हणून ते वाकले नाहीत, आणि सगळं उघड झालं.

कारखानीस माझ्याकडे आले. बसले नाहीत, दारातच उभे. म्हणाले, मी स्वतः करून पाहिलं होतं हो, बाटली स्वच्छ झाली होती.

मी गोड बोलत नाही. म्हटलं, "बाटली तुम्ही बघितलीत. पण कचरा ज्याच्या हातात असतो त्या ओकादाला विचारलंत?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खिशात ठेवली आणि खाली गेले.

मग एकतीस दारं वाजवली. प्रत्येक घरी तेच: माझ्या कार्डात चूक आहे, ते कार्ड परत द्या. मी सोबत गेले, कारण म्हाताऱ्या माणसाला कुणी फटकन बोललं तर उलट बोलायला कुणीतरी हवं. कुणी फटकन बोललं नाही. उलटच झालं. अकरा घरांत पोरींनी जीभ चावली आणि सांगितलं की काका, रागावू नका, आम्ही ते वाचलंच नव्हतं, आमच्या बाटल्या त्यात नव्हत्या. लिफ्टमध्ये ज्या पोरीला परीक्षा आठवायची ती तर म्हणाली, "बघा, न वाचल्याचा फायदा." ओकादाच्या पाठीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं. जिन्यात मला म्हणाले, म्हणजे ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनीच चूक केली.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. कचऱ्याच्या प्रत्येक दिवशी सकाळी सहाला हातमोजे घालून ओकादा-सानच्या शेजारी उभे राहायला लागले. ओकादांनी आधी हात जोडून नको म्हटलं, मग वाकून नको म्हटलं, मग दुसरा झाडू आणून दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी पहिल्या दोन महिन्यांत कारखानिसांनी कचऱ्याची नवी चौदा कार्डं लिहिली, प्रत्येकाच्या खाली ओकादा-सानचं नाव.

दुसरी गोष्ट मुग्धाला मान्य नव्हती. तोवर कोश ल पर्यंत आला होता. व, श, स, ह, बस. इराच्या वाढदिवसाला पाच महिने होते. आरामात संपला असता. यांनी ठरवलं की अ पासून प्रत्येक कार्ड पुन्हा तपासायचं. ज्याचं काम आहे त्याला विचारलेलं नसेल ते कार्ड बाद.

मुग्धा माझ्यादेखत बोलली. "बाबा, असं केलंत तर तो पूर्ण होणार नाही. इरा थांबणार आहे का सातची व्हायची?"

"चुकीचा पूर्ण कोश मी कुणाच्या घरात ठेवू?" ते म्हणाले. "अर्धा राहिला तर लोक म्हणतील अर्धा राहिला. तेवढं मला चालेल."

ती रडली. मी चहा टाकला.

त्या पाच महिन्यांत इरा उंच होत होती, आणि तिच्याकडे बघून हळहळणारा तो जगातला एकच आजोबा असेल. दाराच्या चौकटीवर मुग्धा तिच्या उंचीच्या खुणा करायची. कारखानीस त्या बघायला उभेच राहायचे नाहीत. एकदा इरानेच त्यांना विचारलं, मराठीत विचारलं, की मी सहाचीच राहिले तर तुम्ही राहाल का. ते म्हणाले, तुझ्या वाढीचं कार्ड मी आधीच लिहिलंय, आता बदलता येत नाही. तिला ते पटलं.

वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझं दार वाजवलं. हातात एकच कार्ड. भाकरीचं.

म्हणाले, भ वर आलोय. पुन्हा बघायचंय.

मी म्हटलं, यात काय बघायचं, भाकरी तीच, खण तोच. तर म्हणाले, ते कार्ड मी लिहिलं तेव्हा तुम्हाला एक विचारायचं राहिलं होतं. पीठ इथल्या थंडीत किती वेळ मळता? मला हे माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नव्हतं. थंडीत पाणी कढत घ्यावं लागतं आणि दुप्पट मळावं लागतं, नाहीतर कडा चिरतात. त्यांनी ओळ वाढवली. मग भाकरी केली. पहिलीच फुगली. आम्ही ती लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली, आणि त्यांनी कार्डावर तारीख घातली.

मग खाली जाऊन ते पत्र्याचे दोन डबे घेऊन आले आणि माझ्या ओट्यावर ठेवले. एकात म पासून ल पर्यंतची न तपासलेली कार्डं. दुसऱ्यात नुसते कापलेले कोरे कागद.

"तुमची ओवी साडेचार वर्षांची आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे अडीच वर्षं आहेत."

मी सांगितलं की माझं शिक्षण चौथी, माझं अक्षर कोंबडीचे पाय, ऱ्हस्व-दीर्घाशी माझं वाकडं.

"सांगणाऱ्याचं शिक्षण कुठल्या कार्डावर लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही ओकादाचं विचारलंत. मी विचारलं नव्हतं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. डबे ओट्यावरून उचलून कपाटावर ठेवले, कारण ओटा मला लागतो.

वाढदिवस झाला. केक झाला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या. महिनाभराने निघायची वेळ आली. विमानतळाची बस ज्या थांब्यावरून सुटते तिथे आम्ही गेलो. ओकादा-सान झाडू घेऊनच आले होते. दोघे एकमेकांना वाकायला लागले. एक वाकला की दुसरा त्याहून खाली, तो उठला की पहिला पुन्हा. शेवटी बसवाल्याने सामान आत टाकलं तेव्हा थांबले. त्या बसवाल्यालाही कारखानिसांनी सोडलं नाही. सामानाला लावायची चिठ्ठी दोन तुकड्यांची का, हे इराकडून विचारून घेतलं आणि कार्डावर लिहिलं. सामान हे स चं. कार्ड माझ्या हातात दिलं. बस एक मिनिट उशिरा सुटली. ड्रायव्हरने सगळ्यांची माफी मागितली.

मी डबे बरोबर नेले होते. का नेले, ते मला सांगता यायचं नाही. परत द्यावेत असं सकाळी मनात होतं.

ते खिडकीशी बसले. काच बंद होती. बस हलली तेव्हा त्यांनी बोट वर केलं आणि खिशाकडे दाखवलं. तोंड हललं. पासपोर्ट खिशात. मग नाकाकडे. चष्मा नाकावर. मग काचेतून बोट माझ्याकडे आलं आणि डब्यांवर थांबलं. तोंड हललं. मला एकही अक्षर ऐकू आलं नाही.

माझे दोन्ही हात डब्यांत अडकलेले होते, त्यामुळे मला उलट बोट दाखवता आलं नाही. मी मान हलवली. बस वळेपर्यंत ते बोट तसंच होतं.